टाक्यांचा व्रण आणि आखाजीचा मुहूर्त

पत्राचा सारांश : चोपडा तालुक्यातील एका गावातून २६ वर्षांच्या एका विवाहितेने पत्र लिहिले आहे. पहिल्या बाळंतपणासाठी त्या माहेरी होत्या. तेथील खासगी दवाखान्यात रात्रभर कळा सोसल्यानंतर सकाळी ‘बाळाच्या गळ्याभोवती नाळेचे वेढे आहेत, पिशवीचे तोंडही उघडत नाही’ असे सांगून त्यांचे सिझेरियन करण्यात आले. मुलगी आता सव्वादोन वर्षांची असून सुदृढ आहे. सध्या त्यांना सातवा महिना असून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातील तारीख मिळालेली आहे. ‘एकदा सिझर झाले की पुढचेही सिझरच’ असे डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत सांगितले आहे. शस्त्रक्रिया करायचीच असेल तर ती आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर, म्हणजे सुमारे तीन आठवडे आधी करून घ्यावी, असे यजमानांचे व सासऱ्यांचे मत आहे. सासूबाईंची पाचही बाळंतपणे घरीच झाली होती आणि ‘हिच्यात कळा सोसण्याची ताकदच नव्हती’ हे त्या चारचौघींत बोलून दाखवतात. पत्रलेखिकेची कंबर सतत दुखते. पाठीत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनामुळेच हे झाले, अशी त्यांची समजूत आहे. पहिल्या वेळी आपली फसवणूक झाली का, आणि या वेळी हट्ट धरून ‘नॉर्मल होऊन दाखवावे’ का, असे त्या विचारतात. पत्रासोबत त्यांनी पहिल्या बाळंतपणाच्या डिस्चार्ज कार्डाचे छायाचित्र पाठवले आहे.

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच शब्दापाशी अडखळले. ‘नॉर्मल होऊन दाखवावे’ असे तुम्ही लिहिले आहे. हे कोणाला दाखवायचे आहे? बाळंतपण कसे व्हावे याविषयी तुमची स्वतःची इच्छा असणे अगदी योग्य आहे आणि त्या इच्छेसाठी काय करता येईल ते मी पुढे सविस्तर लिहिणार आहे. परंतु सव्वादोन वर्षांपूर्वीचा एक ठपका पुसून काढण्यासाठी तुम्ही हा निर्णय घेणार असाल, तर आधी तो ठपका खरा आहे का, हे पाहू या.

तुम्ही लिहिता की रात्री नऊपासून कळा सुरू होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तुम्हाला शस्त्रक्रियेसाठी नेले आणि त्या साडेतेरा तासांत तुमच्या आईलाही लेबर रूममध्ये येऊ दिले नाही. म्हणजे एका बाईने साडेतेरा तास एकटीने कळा सोसल्या, त्यानंतर पोटावर छेद घेऊन बाळाला जन्म दिला आणि टाके ओले असतानाच त्याला अंगावर पाजले. यात ताकद कमी पडल्याची खूण मला कोठेही दिसत नाही. पिशवीचे तोंड किती वेगाने उघडेल, बाळाचे डोके कोणत्या बाजूला वळेल, त्याच्या हृदयाचे ठोके टिकतील की मंदावतील, यांतले काहीही आईच्या सोशिकपणावर ठरत नाही.

सासूबाईंविषयीही दोन शब्द लिहिते, कारण त्यांच्याकडे केवळ टोमणे मारणारी बाई म्हणून पाहणे मला योग्य वाटत नाही. घरी, सुईणीच्या हातून, एका कंदिलाच्या उजेडात पाच वेळा बाळंत होणे ही साधी गोष्ट नव्हती आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक कोणी कधी केले असेल असेही नाही. मात्र त्या काळाचा हिशेब करताना ज्या बायका बाळंतपणातून उठल्याच नाहीत, त्यांचीही मोजदाद व्हायला हवी. त्यांच्या पिढीतल्या जवळपास प्रत्येक गावात ‘अडली आणि गेली’ असे ज्यांच्याविषयी सांगतात अशा एकदोघी असतातच. २०१८–२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या (देशाचा आकडा ९७ होता). पूर्वीच्या तुलनेत हे प्रमाण इतके खाली येण्यामागे जी अनेक कारणे आहेत, त्यांत वेळेवर झालेले सिझेरियन हेही एक आहे. आपल्याच खान्देशात, सातपुड्याच्या कुशीतल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या काही पाड्यांवरून आजही अडलेल्या बाईला बांबूला झोळी बांधून डोंगर उतरवावे लागते. तिला गरज असूनही शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही, आणि खाली तापीकाठच्या सधन गावांतून मात्र मुहूर्त पाहून शस्त्रक्रियेची तारीख ठरते. एकाच प्रदेशातली ही दोन टोके माझ्या मनातून जात नाहीत. म्हणून सिझेरियनला सरसकट वाईट म्हणणे मला जमत नाही आणि त्याचा वाढता वापर साधी गोष्ट म्हणून सोडूनही देता येत नाही.

हा वापर वाढला आहे यात शंका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५–०६ मध्ये देशातील १०० पैकी साधारण ८ ते ९ बाळे सिझेरियनने जन्मत होती. २०१५–१६ मध्ये हे प्रमाण १७.२ टक्के झाले आणि २०१९–२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर पोहोचले. याच २०१९–२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचे प्रमाण २५.४ टक्के होते. तेव्हा देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत १०० पैकी सुमारे १४ बाळंतपणे सिझेरियनने होत होती, तर खासगी रुग्णालयांत सुमारे ४७. गुंतागुंतीच्या, अगदी शेवटच्या क्षणी पाठवलेल्या बायका बहुधा मोठ्या सरकारी रुग्णालयांतच येतात हे लक्षात घेतले, तर या फरकाचे कारण केवळ बायकांच्या प्रकृतीत शोधता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्के हे प्रमाण योग्य मानले होते आणि २०१५ मध्ये पुन्हा सांगितले की, समाजाच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेल्याने माता व नवजात बालकांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. अर्थात हे माप संपूर्ण समाजाचे आहे. एका बाईला शस्त्रक्रिया लागेल की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही.

आता तुमच्या डिस्चार्ज कार्डाकडे वळते. घडीच्या खुणा पडलेल्या त्या कागदावर वरच्या कोपऱ्यात तेलाचा डाग आहे आणि निदानाच्या रकान्यात निळ्या शाईने एकच ओळ लिहिलेली आहे : एलएससीएस (पिशवीच्या खालच्या भागात छेद घेऊन केलेले सिझेरियन), त्यापुढे ‘नॉन प्रोग्रेस ऑफ लेबर’, म्हणजे कळा असूनही बाळंतपण पुढे सरकले नाही. नाळेच्या वेढ्यांचा त्यात उल्लेख नाही. त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला सकाळी नऊच्या तपासणीची नोंद आहे आणि पिशवीचे तोंड ४ सेंटिमीटर उघडल्याचे तीत लिहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार बाळंतपणाचा खरा वेगवान टप्पा ५ सेंटिमीटरपासून सुरू होतो आणि पहिलटकरणीला तेथून पुढेही १२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. आई आणि बाळ दोघेही सुस्थितीत असतील, तर त्याआधी केवळ ‘पुढे सरकत नाही’ एवढ्या कारणाने शस्त्रक्रिया करण्याची घाई करू नये, असा त्याचा अर्थ होतो. नाळेच्या वेढ्यांबद्दल सांगायचे, तर दर चार-पाच बाळांपैकी साधारण एकाच्या गळ्याभोवती नाळ असतेच आणि त्यांतली बहुतेक नैसर्गिकरीत्या सुखरूप जन्मतात. ‘वेढा आहे’ हे ऐकून घरच्यांच्या काळजाचे पाणी होते हे खरे, पण केवळ वेढा हे शस्त्रक्रियेचे कारण नव्हे.

मग फसवणूक झाली का? कार्डावरच्या एका ओळीवरून तसा निवाडा मी देणार नाही आणि तुम्हीही देऊ नये. त्या दीड तासात बाळाचे ठोके घसरले असतील आणि घाईत त्याची नोंद करायची राहिली असेल, हे शक्य आहे. आणखी थोडा धीर धरला असता तर कदाचित वेगळे झाले असते, हेही तितकेच शक्य आहे. तालुक्याच्या गावातला लहान दवाखाना कसा चालतो, हे मी जवळून पाहिले आहे. डॉक्टर एकट्या असतात आणि वरच्याच मजल्यावर राहतात. भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून बोलावल्यावर येतात आणि त्यांना परतायची घाई असते. रक्ताची पिशवी जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणावी लागते. रात्री दोन वाजता बाळाचे ठोके घसरले तर अर्ध्या तासात शस्त्रक्रिया करता येईल याची खात्री त्या डॉक्टरांना स्वतःला नसते, आणि काही वाईट झाले तर दारात जमणारा जमाव त्यांनाही माहीत असतो. त्यामुळे सगळे हाताशी असताना, उजेडी, शस्त्रक्रिया उरकून घेण्याकडे कल होतो. यात पैशाचा मोह कोठेच नसतो असे मी म्हणणार नाही. तो असतो, आणि जेथे असतो तेथे तो निंद्यच आहे. पण नुसता मोह म्हणून सोडून दिले, तर बाईजवळ रात्रभर बसणारी प्रशिक्षित सिस्टर नसणे, वेदना कमी करण्याची सोय नसणे आणि घरचे माणूस आत न येऊ देणे, ही कारणे नजरेआड होतात. तुमच्या साडेतेरा तासांच्या एकटेपणात मला हीच कारणे अधिक दिसतात. सोबत विश्वासाचे माणूस असेल तर बाळंतपण नैसर्गिकरीत्या पार पडण्याची शक्यता वाढते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

कंबरदुखीबद्दलची तुमची समजूत अनेक घरांत आहे, म्हणून तिच्याविषयी स्पष्टच लिहिते. पाठीत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनामुळे त्या जागी काही दिवस दुखू शकते, क्वचित काही दिवस डोके खूप दुखते, पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्यामुळे लागते असे तपासण्यांतून दिसलेले नाही. नॉर्मल बाळंतपण झालेल्या बायकांचीही कंबर दुखतेच. तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात की शस्त्रक्रियेनंतर बाविसाव्या दिवसापासून तुम्ही पाण्याचा २० लिटरचा जार ओट्यावर चढवत होता. माझे लक्ष तेथे थांबले. गरोदरपणात सैलावलेले पोटाचे स्नायू परत घट्ट होण्याआधी उचललेले ओझे, पाठ वाकवून तासन् तास पाजणे आणि अंगात कमी असलेले रक्त यांचा हिशेब आधी करायला हवा. या वेळी हिमोग्लोबिन तपासून घ्या. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी असते आणि सिझेरियनमध्ये नैसर्गिक बाळंतपणापेक्षा साधारण दुप्पट रक्त जाते. त्यामुळे लोहाच्या गोळ्या चुकवू नका, आणि त्या चहासोबत घेऊ नका.

इंजेक्शनापेक्षा ज्यांचा विचार अधिक करायला हवा असे शस्त्रक्रियेचे परिणाम वेगळेच आहेत. जखमेत पू होणे, पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होणे, पुढे आतडी किंवा मूत्राशय व्रणाला चिकटणे हे धोके तुलनेने थोड्याच जणींना भोगावे लागतात, पण ते नैसर्गिक बाळंतपणापेक्षा नक्कीच जास्त असतात. सर्वांत गंभीर परिणाम पुढच्या गरोदरपणात दिसतो. वार (नाळ जिला जोडलेली असते ती) आधीच्या व्रणावर येऊन बसली, तर ती कधीकधी पिशवीच्या भिंतीत रुतते आणि बाळंतपणाच्या वेळी जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. प्रत्येक शस्त्रक्रियेसोबत ही शक्यता वाढत जाते. बाळांच्या बाबतीत, सिझेरियनने जन्मलेल्यांना सुरुवातीला श्वासाचा त्रास अधिक होतो आणि पुढे बालदम्याचे प्रमाणही त्यांच्यात थोडे अधिक आढळले आहे. मात्र हा फरक लहान आहे आणि त्याचे सगळे कारण शस्त्रक्रियाच आहे असे सिद्ध झालेले नाही. तुमच्या लेकीला सर्दी झाली की ‘सिझरचे बाळ’ म्हणून स्वतःला दोष देण्याचे काहीही कारण नाही. दुसऱ्या बाजूने, उतारवयात अंग बाहेर येणे आणि खोकताना लघवी होणे हे त्रास सिझेरियन झालेल्या बायकांमध्ये कमी आढळतात. हेही सांगितले नाही, तर मी तुम्हाला अर्धेच सांगितले असे होईल.

आता या वेळचा विचार करू. ‘एकदा सिझर म्हणजे कायम सिझर’ हे वाक्य आज जसेच्या तसे खरे मानले जात नाही. ज्यांचे एकच सिझेरियन झाले आहे, पिशवीवरचा छेद खालच्या भागात आडवा आहे, बाळ एकच व डोक्याकडून आहे आणि वार योग्य जागी आहे, अशा १०० बायकांनी प्रयत्न केला तर ६० ते ८० जणींचे बाळंतपण नैसर्गिकरीत्या होते. ज्यांचे पहिले सिझेरियन ‘पुढे सरकले नाही’ या कारणाने झाले, त्यांच्यात हे प्रमाण थोडे कमी असते. म्हणून तुम्ही स्वतःला या आकड्यांच्या खालच्या टोकाजवळ धरा. प्रयत्न करताना पिशवीचा जुना व्रण उसवण्याचा धोका साधारण २०० मध्ये एकीला असतो. हा आकडा लहान आहे, पण ते घडले तर बाळाला आणि आईला वाचवण्यासाठी मिनिटे मोजावी लागतात. तुमच्या दोन बाळंतपणांत जवळपास अडीच वर्षांचे अंतर पडेल, हे तुमच्या बाजूचे आहे. दीड वर्षाहून कमी अंतर असते, तर धोका वाढला असता.

यासाठी पहिली गरज कागदांची आहे. तुमच्या कार्डावर ‘एलएससीएस’ लिहिले आहे, म्हणजे पिशवीच्या खालच्या भागातला छेद. तथापि, ही चार अक्षरे सवयीने लिहिली जातात आणि पोटावरचा आडवा व्रण पाहून आतला छेदही आडवाच असेल असे खात्रीने म्हणता येत नाही. आतला छेद कसा घेतला, तो कोठे वाढवावा लागला का, कसा शिवला, हे फक्त शस्त्रक्रियेच्या टिपणात असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल झालेल्या रुग्णाचे कागद डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवायचे असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायचे असतात. तुमची तीन वर्षे अजून पूर्ण झालेली नाहीत. यजमानांना सोबत घेऊन त्या दवाखान्यात जा, एक साधा अर्ज लिहून द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. भांडायला जाऊ नका. पुढच्या बाळंतपणासाठी डॉक्टरांनी मागितले आहेत एवढे सांगितले, तरी बहुतेक ठिकाणी कागद मिळतात.

दुसरी गोष्ट, या महिन्याअखेरीच्या किंवा पुढच्या सोनोग्राफीत वार कोठे आहे आणि ती जुन्या व्रणावर तर नाही ना, हे मुद्दाम विचारून लिहून घ्या. ती व्रणावर असेल, तर हट्टाचा प्रश्नच उरत नाही. मग शस्त्रक्रिया हाच मार्ग आहे आणि तीही रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयात.

तिसरी गोष्ट म्हणजे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलणे. ‘मला नॉर्मलच हवे’ असे सुरुवातीलाच म्हटले की समोरचा माणूस सावध होतो. त्याऐवजी विचारा : ‘माझ्या बाबतीत प्रयत्न करता येण्यासारखा आहे का? नसेल तर माझ्या कागदांतले नेमके कोणते कारण आड येते? कळा सुरू झाल्या तर तुमच्याकडे भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतील, रक्त कोठून येईल, रात्री बाळाचे ठोके कोण पाहत राहील?’ डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले की ‘माझ्याकडे एवढी सोय नाही, म्हणून मी हा धोका पत्करत नाही’, तर त्या उत्तराचा मान राखा. ते उत्तर जबाबदारीचे आहे. मग तुमच्यापुढे दोन रस्ते उरतात : तेथेच योग्य वेळी शस्त्रक्रिया करून घेणे किंवा जेथे चोवीस तास शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त उपलब्ध आहे, अशा ठिकाणी नाव नोंदवणे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी आरोग्यकेंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. आपले कागद घेऊन तेथे दुसरे मत जरूर घ्या. खर्चाची चिंता तुम्ही लिहिली नाही, पण इतर वाचकांसाठी सांगते : २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियनसह, मोफत असते आणि औषधे, रक्त, जेवण व नेण्या-आणण्याची सोय यांचाही त्यात समावेश आहे.

एक गोष्ट मात्र मी विनवून सांगते. नैसर्गिक बाळंतपणाच्या ओढीने घरी कळा काढत बसू नका आणि गावात कोणाकडूनही ‘कळा वाढवायचे इंजेक्शन’ घेऊ नका. पिशवीवर व्रण असलेल्या बाईला असे इंजेक्शन किंवा गोळी देखरेखीविना दिली, तर व्रण उसवण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. पाणी गेले, रक्त दिसले, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा दोन कळांच्या मधल्या वेळातही व्रणाच्या जागी सलग दुखू लागले, तर वाट न पाहता १०८ वर फोन करा. चोपड्याहून जळगावला जायला लागणारा वेळ तुम्ही जाणताच. म्हणून तारखेच्या आधीचे आठ-दहा दिवस जळगावच्या माहेरच्या नातेवाइकांकडे राहता आले तर फार बरे.

आणि आता आखाजी. लेकी माहेरी येण्याचा, झोके बांधण्याचा, गौराईची गाणी म्हणण्याचा हा सण. त्या दिवशी घरात बाळ यावे असे सासऱ्यांना वाटण्यात माया आहे, हे मला कळते. पण तुमच्या तारखेचा हिशेब केला तर आखाजीला तुम्हाला ३७ आठवडे झालेले असतील. वैद्यकीय कारण नसताना ठरवून केलेले सिझेरियन ३९ आठवड्यांच्या आत करू नये, असे तज्ज्ञांचे एकमत आहे. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत बाळाची फुप्फुसे श्वासासाठी तयार होत असतात. शिवाय कळा न येताच बाळ बाहेर काढले, तर फुप्फुसांतले पाणी निचरायला अधिक वेळ लागतो. अशा बाळाला धाप लागते, त्याला काचेत ठेवावे लागते आणि आई एका मजल्यावर तर बाळ दुसऱ्या मजल्यावर अशी ताटातूट होते. सासऱ्यांना वाद घालून पटणार नाही. त्यांना पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि ‘बाळाला काचेत ठेवावे लागू नये म्हणून किती दिवस थांबायचे?’ हा प्रश्न त्यांच्याच तोंडून डॉक्टरांना विचारू द्या. केळीचा घड किती दिवसांनी भरतो हे ज्या माणसाला नजरेने कळते, त्याला बाळाचे दिवस भरू देण्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

समजा शेवटी शस्त्रक्रियाच ठरली, तर ती हार म्हणून पत्करू नका. तेथेही तुमच्या हातात पुष्कळ काही असते. पाठीतली भूल असेल तर तुम्ही जाग्या असता, त्यामुळे बाळ ठीक असेल तर ते लगेच छातीवर द्यावे आणि पहिल्या तासात अंगावर लावावे, अशी विनंती आधीच करून ठेवा. शस्त्रक्रिया झाली म्हणून दूध येत नाही, हे खरे नाही. पहिला चीक थोडाच असतो आणि बाळाला तेवढा पुरतो. मध, गुटी किंवा वरचे दूध यांची त्या वेळी गरज नसते. लेबर रूममध्ये किंवा किमान त्यानंतर लगेच आपल्याजवळ एक बाई राहील, याची परवानगी आधी घ्या. सरकारी रुग्णालयांत अशा सोबतिणीला मान्यता आहे. दुसऱ्या दिवशी आधाराने चालायला सुरुवात करा, म्हणजे पायात गाठ होण्याचा धोका कमी होतो. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत घरात असेल तर ती नम्रपणे मोडा, आणि कळण्याची भाकरी, पालेभाजी, वरण, हळिवाची खीर हे सगळे भूक असेल तसे खा. पाण्याचा जार या वेळी किमान सहा आठवडे दुसऱ्या कोणीतरी उचलायचा आहे. हे यजमानांना या पत्रातूनच वाचून दाखवा.

ज्यांचे पहिलेच बाळंतपण जवळ आले आहे, अशा वाचक भगिनींनी यातली एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या बाळंतपणांची दिशा बहुधा पहिल्या वेळीच ठरते. कळा सुरू होताच, पिशवीचे तोंड पुरेसे उघडण्याच्या कितीतरी आधी, दवाखान्यात जाऊन झोपून राहिले की घड्याळ आपल्याविरुद्ध चालू लागते. पाणी गेलेले नसेल, रक्त जात नसेल, बाळ हलत असेल, दवाखाना जवळ असेल आणि डॉक्टरांनी कोणताही धोका सांगितलेला नसेल, तर सुरुवातीच्या कळांत घरातल्या घरात चालणे, बसणे, थोडे खाणेपिणे चांगले. तुम्हाला मात्र, ताई, हे लागू नाही. तुमच्या पिशवीवर व्रण आहे, त्यामुळे पहिली नियमित कळ आली की निघायचे.

सासूबाईंशी काय बोलावे, असे तुम्ही अगदी शेवटी विचारले आहे. मी तुमच्या जागी असते, तर एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ बसून त्यांच्याच पाच बाळंतपणांविषयी विचारले असते : कोणते कठीण गेले, तेव्हा जवळ कोण होते, भीती वाटली होती का. त्यांना हे कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही. त्यांचे सांगून झाले की तुमची ती साडेतेरा तासांची रात्र त्यांना सांगा, कारण तीही त्यांना कोणी सांगितलेली नाही. आणि या वेळी लेबर रूममध्ये सोबत यायला त्यांना विचारायचे की आईला, हे त्यानंतर ठरवा.

दवाखान्यातून शस्त्रक्रियेचे टिपण मिळाले की त्यातली छेदाविषयीची ओळ मला कळवा. डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न त्यानुसार थोडे बदलावे लागतील आणि ते मी तुम्हाला लगेच लिहून पाठवीन.